मृत्युपत्र-वाद व ज्येष्ठांचे आर्थिक शोषण (वकिली व्यवसाय)

मृत्युपत्र, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र यांच्या खरेपणावरून वारसांत लागणारे दावे चालवणे आणि वृद्धांची मालमत्ता त्यांच्या हयातीतच लुबाडली जाऊ नये याची कायदेशीर तजवीज करणे, ही वकिलीची एक शाखा. दोन्ही कामे बहुधा एकाच वकिलाकडे येतात, कारण हकीकत एकच असते. वेळीच कुणाच्या लक्षात आली तर ती शोषणाची तक्रार होते, नाही तर मृत्यूनंतर मृत्युपत्राचा दावा.

या दाव्यांत ज्याच्या मनात काय होते यावर वाद असतो, तो माणूसच कोर्टात नसतो. त्यामुळे सारी भिस्त कागदांवर : उपचारांच्या नोंदी, बँकेचे उतारे, सह्यांचे नमुने, आधीची मृत्युपत्रे. दस्त कुणी लिहवून घेतला, वकिलाची फी कुणी भरली, सहीच्या वेळी खोलीत कोण होते, हे प्रश्न उलटतपासणीत हमखास येतात.

आक्षेप मुख्यतः दोन. पहिला मानसिक क्षमतेचा. त्याची कसोटी इंग्लंडमधील बँक्स वि. गुडफेलो (१८७०) या खटल्यातून आली : आपण काय करतो आहोत, आपली मालमत्ता साधारण किती आणि आपल्यावर कुणाकुणाचा हक्क पोचतो, हे मृत्युपत्रकर्त्याला उमगले पाहिजे. त्यातल्या जॉन बँक्सला भुतेखेते आणि केव्हाच मेलेला एक माणूस आपल्या पाठीस लागले आहेत असे वाटे. तरीही त्याचे मृत्युपत्र टिकले, कारण त्या भ्रमाचा वाटणीशी संबंध नव्हता. नुसत्या निदानाच्या कागदावर दावा जिंकू पाहणारे अशील हे सहसा विसरतात.

दुसरा आक्षेप अनुचित प्रभावाचा, आणि तो सिद्ध करणे फार कठीण. हॉल वि. हॉल (१८६८) मध्ये सांगितल्याप्रमाणे मन वळवणे गैर नाही. पटवून न देता इच्छाच मोडून काढणे गैर. इंग्लिश कायद्यात विश्वासाच्या नात्यातून हयातीत मिळालेल्या, सहज उलगडा न होणाऱ्या मोठ्या देणगीबाबत अशा प्रभावाचे अनुमान निघते, मृत्युपत्राबाबत मात्र तो प्रभाव आरोप करणाऱ्यालाच सिद्ध करावा लागतो. म्हणजे तोच दबाव बक्षीसपत्रात पकडला जातो आणि मृत्युपत्रात निसटतो. कॅलिफोर्नियाने यावर वेगळा मार्ग काढला. तेथे दस्त लिहिणारा किंवा वृद्धाची शुश्रूषा करणारा लाभार्थी असेल, तर काही अपवाद सोडून फसवणूक वा अनुचित प्रभाव गृहीत धरला जातो. भारतात वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ६१ नुसार फसवणूक वा बळजबरीने करवून घेतलेले मृत्युपत्र शून्य ठरते. व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणात (१९५९) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेणाऱ्यालाच त्यातून मोठा लाभ होत असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती आहे. तो संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर.

प्रतिबंधाचे काम याहून शांत आणि, खरे तर, अधिक मोलाचे. मुलगा आईला घेऊन येतो, तिच्या वतीने तोच बोलतो, फीही तोच देतो. अशा वेळी आपला अशील कोण, हे वकिलाने आधी ठरवायचे आणि आईशी एकटीशी बोलायचे. इंग्लंडमध्ये वृद्ध वा आजारी व्यक्तीचे मृत्युपत्र डॉक्टरांच्या साक्षीने किंवा संमतीने करण्याच्या प्रथेला ‘गोल्डन रूल’ म्हणतात. अमेरिकेत शोषणाचा वाजवी संशय आल्यास ६५ वा त्याहून अधिक वयाच्या ग्राहकाच्या खात्यातली रक्कम तात्पुरती रोखून धरण्याची मुभा २०१८ पासून दलाली संस्थांना आहे.

न्यूयॉर्कच्या धनाढ्य दानशूर ब्रूक ॲस्टर यांच्या आर्थिक शोषणाचे प्रकरण बाहेर आले ते त्यांच्यासाठी पालक नेमावा म्हणून नातवाने २००६ मध्ये केलेल्या अर्जामुळे. त्या २००७ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी वारल्या. २००९ मध्ये त्यांचा मुलगा दोषी ठरला आणि त्याच्यासोबत एक वकीलही.

भारतात आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवता येते. गंमत अशी की याच कायद्याच्या कलम १७ ने, या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे वकिलांनाच मनाई केली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अमान्य केली. कलम २३ साठी मात्र सांभाळाची अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. त्यामुळे बक्षीसपत्राच्या मसुद्यात ती अट स्पष्ट शब्दांत घालण्याचे काम वकिलाकडे उरतेच.