जुन्या गाडीला रंग देण्यापूर्वी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सांगली

"वडिलांची फियाट आहे, रंग द्यायचाय. किती घेणार?" असा फोन आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. फोनवर आम्ही आकडा सांगत नाही. सांगितलेला आकडा पुढे टिकत नाही, कारण जुन्या गाडीत रंगाचा खर्च थोडा आणि रंगाखाली जे निघेल त्याचा खर्च जास्त असतो. हे पत्रक त्यासाठीच काढले आहे. सावकाश वाचा, घरातल्या मंडळींनाही दाखवा, मग गाडी घेऊन या.

पहिला अर्धा दिवस फक्त बघण्याचा

गाडी आली की आम्ही आधी चुंबक फिरवतो. चांगल्या रंगाचा सगळा थर मिळून दीड-दोनशे मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या दोन पानांएवढा असतो. त्यावरून चुंबक पत्र्याला घट्ट धरतो. जिथे तो सैल पडतो, तिथे खाली लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, थापलेली असते. तासगावच्या एका निवृत्त गुरुजींच्या फियाटच्या पुढच्या मडगार्डवर चुंबक धरेचना. खरवडून पाहिले तर बोटाच्या पेराएवढी लांबी आणि तिच्याखाली पत्र्याऐवजी तारेची जाळी. गुरुजींनी त्या मडगार्डच्या रंगाचे पैसे आधी तीन वेळा मोजले होते. दर वेळी फुगवटा आला, दर वेळी वरून रंग मारला गेला. लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या वर भरायची नसते. तेवढ्याने भागत नसेल तर पत्रा ठोकून जागेवर आणायचा, नाहीतर तेवढा तुकडा कापून नवा घालायचा.

पत्र्याच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. जीपला खाली वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा लोखंडी सांगाडा, असते. फियाट आणि अँबेसिडरला ती नाही. या गाड्यांची बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दरवाजाखालचा पोकळ पट्टा, ज्याला आम्ही सिल म्हणतो, तो सडला असेल तर तो दिसण्यापुरता प्रश्न राहत नाही. जॅक लावल्यावर दरवाजे अडकू लागले, तर रंगाचे बोलणे थांबवून आधी वेल्डिंगचे बोलावे लागते.

आपल्या सांगलीत याला आणखी एक कारण आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या सिलमध्ये आणि दरवाजांच्या तळाशी नदीचा गाळ बसतो. तो वर्षानुवर्षे ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. गाडी पुरात होती का, हे कृपया आधीच सांगा. त्यावरून आम्ही भाव वाढवत नाही, कुठे उघडून बघायचे ते आम्हाला कळते.

काम कसे होते

बंपर, क्रोम पट्ट्या, काचा, रबरे, हँडल, दिवे सगळे उतरवतो. रबर जागेवर ठेवून कागद चिकटवला तर काम चार दिवसांनी लवकर होते, पण वर्षभरात रबराच्या कडेने रंग सुटायला लागतो.

जुना रंग पेंट रिमूव्हरने आणि हाताने घासून उतरवतो. त्या काळच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासत नाही, पाणी वापरतो. आणि पाणी वापरले की पत्रा त्याच दिवशी पूर्ण वाळवतो. बॉनेट, छत, दरवाजे अशा सपाट भागांवर वाळूचा मारा करू देत नाही; पत्रा ताणला जातो, त्यात लाटा येतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. उघडा झालेला पत्रा रात्रभर तसा ठेवायचा नाही, त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर, बसला पाहिजे.

मग डेंटिंग, लांबी, घासणे, सरफेसर (रंगाआधीचा, पृष्ठभाग सारखा करणारा थर), पुन्हा घासणे. ८० नंबरच्या पेपरपासून ६००-८०० च्या वॉटरपेपरपर्यंत. गाडी महिना-दीड महिना इथेच अडकलेली दिसते. तुम्ही येऊन बघाल तेव्हा ती करडी, डागाळलेली दिसेल आणि "अजून काहीच झालं नाही" असे वाटेल. खरे काम तेव्हाच चाललेले असते. मिरजेत तंबोऱ्याला पॉलिश चढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. खालचा पृष्ठभाग गुळगुळीत नसेल तर वरची चमक प्रत्येक खड्डा दाखवते.

प्रत्यक्ष रंगाचा फवारा एका दिवसाचा. मग बूथमध्ये, म्हणजे रंगाच्या बंद गरम खोलीत, ६० अंशांवर अर्धा तास, आणि काही दिवसांनी रबिंग-पॉलिश.

जून ते सप्टेंबर आम्ही पूर्ण रंगाचे काम घेत नाही. सुरुवातीच्या काळात, बूथ नसताना, एका ग्राहकाच्या घाईखातर ऐन जुलैत अँबेसिडर रंगवली. दिवाळीपर्यंत छतावर बारीक फोड आले. लांबी ओल शोषते आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारा द्रव, दमटपणाशी संयोग पावून बुडबुडे धरतो. चूक आमची होती. ती गाडी आम्ही स्वखर्चाने पुन्हा पत्र्यापर्यंत उतरवली. आता बूथ असला तरी पत्रा आणि लांबीचे काम बाहेरच्या हवेतच होते, म्हणून नियम तोच आहे.

पैसे कुठे जातात

सडका पत्रा फारसा नसलेल्या फियाटचे, पत्र्यापर्यंत उतरवून एकरंगी पीयू रंगाचे काम आमच्याकडे साधारण १,६०,००० रुपयांना पडते. त्यात उतरवणे, रंग काढणे आणि पुन्हा जोडणे ३८,०००, डेंटिंग, लांबी आणि घासणे ५२,०००, प्रायमर, सरफेसर, लांबी, पेपर, थिनर, रंग असे सगळे सामान ४२,०००, फवारा आणि बूथ १४,०००, रबिंग-पॉलिश १४,०००. सामानाच्या ४२,००० मध्ये शेवटचा रंग जेमतेम ११,००० चा. म्हणून "स्वस्तातला रंग वापरा" म्हटल्याने तुमचे फार वाचत नाही. यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,८८,८००. मुदत अडीच ते तीन महिने.

सडलेल्या पत्र्याचे काम वेगळे, १,८०० रुपये रोजाने. किती रोज लागतील हे रंग उतरवल्यावरच सांगता येते. तेव्हा आम्ही तुम्हाला बोलावतो, पत्रा दाखवतो, आणि तुमच्या होकाराशिवाय पुढे जात नाही. क्रोम आणि नवी रबरे यांचा खर्च वेगळा.

जुना थर खरोखर चांगला असेल तर पत्र्यापर्यंत जायची गरज नाही. वरून घासून रंग ४५ ते ६० हजारांत होतो, जीएसटी वेगळा. अशी गाडी आली की आम्ही तसेच सांगतो. मूळ रंग फक्त मळकटलेला असेल, तर नुसते रबिंग-पॉलिश करून परत न्या. कारखान्यातला रंग एकदाच असतो.

कोणता रंग

आमचे मत विचाराल तर मूळचाच. डॅशबोर्डमागे किंवा डिकीच्या रबराखाली त्याचा तुकडा शिल्लक असतो, त्यावरून मॅचिंग करतो. फियाट ११०० डिलाइट १९६४ साली आली आणि पुढे सत्तरच्या दशकात ती पद्मिनी झाली. सांगलीच्या वालचंद कॉलेजला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांच्याच प्रीमियर कंपनीची ही गाडी. त्या काळच्या साध्या एकरंगी छटांवर आजचा मेटॅलिक रंग परका वाटतो.

तरीही रंग बदलायचाच असेल, तर आधी आरटीओकडे अर्ज करून आरसीवर बदलाची नोंद करावी लागते. ५० वर्षांवरच्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. त्यासाठी बॉडी, चासी आणि इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. आणि अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. याचा विचार घरीच करून या.

गाडी घरी नेल्यावर

पहिला आठवडा पाणी लावू नका. महिनाभर वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग नको, रंगातून थिनर अजून बाहेर पडत असतो. प्लास्टिकचे कव्हर कधीच नको, सुती चालेल. कावळ्या-कबुतरांची घाण त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढा, कोरडी खरवडू नका.

गाडी दाखवायला आणताना चमकवून आणू नका. पॉलिशमधले सिलिकॉन पत्र्यावर राहिले की नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. धुळीने भरलेली आणलीत तरी चालेल. आरसी बुक आणि गाडीचे जुने फोटो असतील तर तेवढे सोबत घ्या.