खोदकामापूर्वी भूमिगत वाहिन्यांचा शोध

रस्ता किंवा पदपथ खोदण्याआधी त्याखालून वीज, गॅस, पाणी, सांडपाणी व ऑप्टिकल फायबरच्या वाहिन्या कुठून जातात, हे निश्चित करण्याची पद्धत. नकाशा, शोधयंत्र आणि चाचणी खड्डा हे तिचे टप्पे. पहिल्या दोहोंतून अंदाज मिळतो, खात्री खड्ड्यातूनच होते.

खोदणाऱ्याने वाहिन्यांच्या मालक संस्थांना आधी कळवावे, यासाठी भारतात मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू झाले. संस्थांकडून नकाशे जरूर घ्यावेत, मात्र त्यांतल्या खोलीवर विसंबू नये. आयएस १२५५ या भारतीय मानकाप्रमाणे ११ केव्ही (किलोव्होल्ट) केबलवर किमान ९० सेंमी भराव हवा. पुढे रस्ता खरवडला किंवा पदपथ खाली घेतला, की तो कमी होतो.

केबल लोकेटर हे शोधयंत्र दोन प्रकारे वापरतात. ‘पॉवर’ मोडमध्ये तो केबलमधील ५० हर्ट्झ प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र टिपतो. प्रवाह नसेल तर काहीच दाखवत नाही. दिवसा बंद असलेली पथदिव्यांची केबल अशीच निसटते. म्हणून ट्रान्समीटरने वाहिनीत स्वतःचा सिग्नल सोडून तिचा माग काढणे अधिक भरवशाचे. चालू केबलला त्यासाठी क्लॅम्प, म्हणजे बाहेरून वेढणारी पकड, लावतात. शेजारच्या केबलवर सिग्नल उतरला तर खूण सरकते, त्यामुळे जागा उलट दिशेनेही तपासावी. प्लास्टिकची गॅस वा पाण्याची नळी सोबत ट्रेसर वायर (माग काढण्यासाठी टाकलेली धातूची तार) नसेल तर लोकेटरला सापडतच नाही. तिच्यासाठी भूभेदी रडार वापरतात. पण ओल्या काळ्या मातीत त्याच्या लहरी शोषल्या जातात आणि चित्र धूसर येते. ‘यंत्र वाजले नाही, म्हणजे खाली काही नाही’ हा निष्कर्ष साइटवर सर्रास काढला जातो आणि तोच सर्वांत घातक ठरतो.

सापडलेल्या रेषेवर चुन्याने किंवा रंगाने खूण करून तिच्या आडवा चाचणी खड्डा हाताने घ्यावा. पहार किंवा टिकाव जोराने मारू नये. बाजूने फावड्याने माती सोडवत जावे. इशारा पट्टी, विटांचा थर किंवा मऊ वाळू लागली की वेग कमी करावा. वाहिनी डोळ्यांना दिसेपर्यंत तिच्याजवळ जेसीबी आणू नये.

गॅसची नळी फुटल्यास यंत्र बंद करून सर्वांनी वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, दूर जावे आणि तिथून गॅस कंपनीला कळवावे. केबलच्या आवरणाला ओरखडा जरी गेला, तरी टेप गुंडाळून चर बुजवू नये, संबंधितांना दाखवावा. ओल आत शिरली, की काही महिन्यांनी त्याच जागी फॉल्ट होतो.