चोल्पोन: कवितेवर पहारा बसला तेव्हा

अंदिजान म्हटलं की आपल्याला बाबर आठवतो. फरगणा खोऱ्यातल्या त्याच गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्दुलहमीद सुलेमान जन्मला. ‘चोल्पोन’ या टोपणनावाने तो आधुनिक उझबेक कवितेचा अग्रणी ठरला.

तेव्हा तिथे झारची सत्ता होती. शिक्षण बदला, वर्तमानपत्रं काढा, नाटकं करा, असा आग्रह धरणाऱ्या ‘जदीद’ सुधारकांत चोल्पोन तरुणपणीच सामील झाला. १९२२ ते १९२६ दरम्यान त्याचे तीन कवितासंग्रह आले. दरबारी गझलेच्या फारसी वळणापेक्षा लोकगीतांच्या अक्षरछंदाला जवळची अशी ही कविता. तिच्यातली पारतंत्र्याची सल नव्या सोव्हिएत राजवटीला खपली नाही. १९२५ साली त्याने रवींद्रनाथ ठाकुरांवर ‘थोर हिंदी’ (म्हणजे थोर भारतीय) हा लेख लिहिला. जुन्या अभिजात कवींवर आता आपली भूक भागत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा कवी त्याला रवींद्रनाथांत दिसला. दशक संपेपर्यंत मात्र त्याच्यावर ‘राष्ट्रवादी’ असा शिक्का बसला होता, आणि त्या काळी तो आरोपच होता.

स्वतःच्या ओळी छापून येणं अवघड झालं, तसा तो भाषांतराकडे अधिक वळला. पुश्किन, गॉर्की आणि रशियनमधून ‘हॅम्लेट’. हे पोटापाण्याचं दुय्यम काम होतं, असं मला मुळीच वाटत नाही. विशीच्या दशकात मॉस्कोतल्या उझबेक नाट्यशाळेत त्याने काम केलं होतं. नटाच्या तोंडी वाक्य कसं बसतं हे त्याला ठाऊक होतं. १९३५ मध्ये ताश्कंदच्या हमझा नाट्यगृहात त्याचं ‘हॅम्लेट’ रंगलं. नायक होता त्याच नाट्यशाळेत घडलेला अब्रोर हिदायतोव. शेक्सपिअरचा राजपुत्र उझबेक बोलू लागला, तो चोल्पोनच्या भाषेत.

१९३६ साली त्याच्या ‘रात्र आणि दिवस’ कादंबरीचा पहिला भाग ‘रात्र’ प्रसिद्ध झाला. त्यातली झेबी ही गोड गळ्याची मुलगी. तिचं लग्न अकबरअली या बड्या अंमलदाराशी लावून दिलं जातं. सवतीने झेबीसाठी कालवलेलं विष नवराच पितो, आणि काहीही न केलेली झेबी सायबेरियाला धाडली जाते. दुसरा भाग वाचकांच्या हाती कधीच आला नाही.

१९३७ च्या जुलैमध्ये चोल्पोनला अटक झाली. ४ ऑक्टोबर १९३८ रोजी ताश्कंदमध्ये अब्दुल्ला कादिरी आणि फितरत या लेखकांबरोबर त्यालाही गोळ्या घातल्या गेल्या. स्टालिननंतर, पन्नाशीच्या दशकात, तो कागदोपत्री निर्दोष ठरला. पुस्तकं मात्र ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अडकूनच राहिली. १९९१ मध्ये उझबेकिस्तानने त्याला मरणोत्तर नवाई पुरस्कार दिला.