पऱ्हाटीची फवारणी ते समुद्री कासव: पार्श्वभूमी

यवतमाळ आणि वर्ध्याच्या वावरांतलं पावसाचं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं. (अकोल्याची पूर्णा तेवढी तापीला मिळून पश्चिमेला वळते.) वर्धा नदी पैनगंगेला पोटात घेते, चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत उतरते. गोदावरी जिथं समुद्राला मिळते, त्या काकीनाड्याकडच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

गुजरातेत 1970 साली एच-4 हे संकरित कापसाचं वाण निघालं. संकरित वाण पसरली तशी बोंडअळीची फवारणी वाढली. डीडीटी, बीएचसी आणि पुढे एन्डोसल्फान ही सगळी क्लोरीनवाली औषधं. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत, काळ्या मातीच्या बारीक कणांना धरून बसतात. जूनच्या पहिल्या धुवाधार पावसात उताराच्या वावरातून जे गढूळ पाणी नाल्याला लागतं, त्या गाळावर बसूनच ती पुढे जातात.

खाडीच्या गाळातून ती खेकडे, शंख, कोळंबीत शिरतात. रिडलेचा आहार हाच. औषध तिच्या चरबीत साठतं आणि अंडी तयार होताना चरबीसोबत बलकात उतरतं. एका वेळी शंभराच्या आसपास अंडी म्हणजे शंभर पिल्लांना जन्माआधीच हिस्सा. कासवाचं पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. हार्मोनची नक्कल करणारं रसायन तिथंच ढवळाढवळ करू शकतं. अमेरिकेत 1994 साली कासवाच्या अंड्यांच्या कवचावर पीसीबी हे कारखान्यांत वापरलं जाणारं क्लोरीनवालं रसायन लावलं, तर नर निघावेत अशा तापमानातही माद्या निघाल्या. फ्लोरिडाच्या अपोप्का तलावात 1980 साली डायकोफोल हे कीडनाशक आणि डीडीटी सांडलं. पुढे तिथल्या मगरींची पिल्लं घटली आणि नरांच्या जननेंद्रियांची वाढ खुंटलेली आढळली.

भारतात बंदी तुकड्यातुकड्यानं आली. शेतीत डीडीटी 1989 ला थांबलं, बीएचसी 1997 ला, एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मे 2011 ला. डायकोफोल, जे आपल्याकडे लाल कोळी या किडीसाठी वापरलं जायचं आणि डीडीटीपासूनच बनतं, त्याला 2023 उजाडलं. हा उशीर महागात पडणारा आहे, कारण गाळात बसलेलं औषध आदेश निघाल्यानं निघून जात नाही.

2002 ला बोंडअळीला स्वतःच मारणारं बीटी कापसाचं बियाणं आलं, काही वर्षं फवारणी कमी झाली; गुलाबी बोंडअळीनं बीटी पचवल्यावर परत वाढली. आताची प्रोफेनोफॉससारखी औषधं लवकर विरतात, त्यामुळे समुद्रापर्यंतच्या लांबच्या वाटेत त्यांचा जोर बराच ओसरतो. मार बसतो तो इथंच. यवतमाळात 2017 च्या फवारणीत वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. नाल्यातली मासळी आणि नदीतली कासवंही याच पट्ट्यात येतात. पंप नाल्यात धुणं आणि रिकामा डबा बांधावर फेकणं हे सरळ पाण्यात जाणारं विष. डब्यात पाव भाग पाणी घालून तीनदा खळखळवावं, ते पाणी पंपातच ओतून पिकावर संपवावं, डब्याला भोक पाडावं. पावसाचं लक्षण असेल तर पंप उचलूच नये, आणि नाल्याकाठच्या चार-पाच ओळींवर गवत राखावं.