कीफ्रेम अॅनिमेशन आणि मोशन कॅप्चर

संगणकावर तयार होणाऱ्या अॅनिमेशनपटांत पात्रांना हालचाल देण्याच्या या दोन पद्धती. पहिलीत हालचाल अॅनिमेटर घडवतो, दुसरीत ती अभिनेत्याच्या शरीरावरून टिपली जाते. पात्राची त्रिमितीय आकृती, तिच्या आतला सांगाडा म्हणजे रिग, प्रकाशयोजना, रेंडरिंग म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रे काढून घेणे, ही बाकीची कामे दोन्हींकडे जवळपास सारखीच.

पात्र खुर्चीतून उठते आहे असे समजू. कीफ्रेम पद्धतीत अॅनिमेटर बसलेली, पुढे झुकलेली, उभी राहिलेली अशा ठळक अवस्था, म्हणजे कीफ्रेम, पक्क्या करतो. मधल्या फ्रेम संगणक भरतो. मात्र संगणकाने आपणहून भरलेली हालचाल पाण्यात तरंगल्यासारखी दिसते. मग ग्राफ एडिटरमधील, म्हणजे हालचाल आलेखात दाखवणाऱ्या साधनातील, वक्ररेषा एकेक करून ओढाव्या लागतात. उठण्याआधी अंग किंचित दबते, डोके आधी निघते, हात मागून येतात. पात्राला वजन येते ते यातून. सेकंदाला २४ फ्रेमचा हिशेब असल्याने काही सेकंदांच्या दृश्यालाही कित्येक दिवस लागतात. पूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला दीर्घ चित्रपट 'टॉय स्टोरी' (१९९५) याच पद्धतीचा.

मोशन कॅप्चरमध्ये अभिनेता अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालतो. पोशाखावर प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे, म्हणजे मार्कर, लावलेले असतात आणि भोवतालचे कॅमेरे त्यांची जागा सतत मोजतात. चेहराही टिपला, तर त्याला परफॉर्मन्स कॅप्चर म्हणतात. ही पद्धत म्हणजे बटण दाबले की अॅनिमेशन तयार, असा समज आहे. तो चुकीचा आहे. हात छातीशी घेतला की मार्कर झाकला जाऊन नोंदीत खंड पडतो. अभिनेत्याच्या आणि पात्राच्या पायांची लांबी जुळली नाही, तर पाऊल जमिनीवरून घसरते. हे सारे अॅनिमेटरच निस्तरतो.

माणसावरून हालचाल टिपण्याची कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकी अॅनिमेटर मॅक्स फ्लायशर यांच्या रोटोस्कोप यंत्राने चित्रित माणसावरून फ्रेममागून फ्रेम रेखाटता येई. त्याचे पेटंट १९१७ मधले. मोशन कॅप्चरने बनलेल्या 'द पोलर एक्स्प्रेस' (२००४) मध्ये शरीरे माणसासारखी हलली, पण डोळे निर्जीव वाटल्याची टीका झाली. माणसाच्या फार जवळ जाणारी आकृती नकोशी वाटते, हे जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच मांडले होते. पात्र माणूस नसले की ही अडचण बरीच कमी होते: 'हॅपी फीट' (२००६) मधील पेंग्विनचा टॅप नाच नर्तक सॅव्हियन ग्लोव्हर यांच्या पावलांवरून टिपलेला आहे.

त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले आणि मोशन कॅप्चरला अॅनिमेशन म्हणावे का, हा वाद पेटला. 'रॅटाटूई'च्या (२००७) श्रेयनामावलीत तर मोशन कॅप्चर वापरले नसल्याची मिश्कील हमीच छापली होती. २०१० मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने नियमात लिहिले की, मोशन कॅप्चर हे केवळ स्वतःच्या बळावर अॅनिमेशनचे तंत्र ठरत नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या 'द अॅडव्हेंचर्स ऑफ टिनटिन'ला अॅनिमेशन विभागात ऑस्करचे नामांकन मिळाले नाही. सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा गोल्डन ग्लोब मात्र त्यालाच मिळाला.