चिमणीतलं काळं: काजळी की क्रिओसोट?

लाकडाचा जुना स्टोव्ह काढून नवा बसवायचा म्हटलं की सगळी चर्चा काच केवढी, रंग कुठला, किती खोल्या गरम होतील ह्याचीच, आणि चिमणीचा विषय एका वाक्यात संपतो, "काळी झालीये ना, ब्रश मारून घेऊ." आता हे काळं दोन जातीचं असतं, एक काजळी आणि एक क्रिओसोट, आणि दोन्ही एकच समजून पुढे गेलात तर नव्या स्टोव्हवर खर्च करूनही वैताग जुनाच राहतो, कधीकधी वाढतोसुद्धा.

काजळी आपल्या ओळखीची. जाळाला हवा कमी पडली की कार्बन पूर्ण जळत नाही आणि त्याचे बारीक कण वर जाऊन चिकटतात. बोटावर घ्या, कोरडी, मऊ भुकटी, चमक शून्य, फुंकर मारली की उडणार आणि नेमकी पांढऱ्या शर्टावर बसणार. साध्या ब्रशने निघते. तरी मास्क लावाच, चिमण्या साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कॅन्सरचा संबंध पर्सिव्हल पॉट ह्या इंग्लिश सर्जनने १७७५ मध्येच काजळीशी जोडला होता.

क्रिओसोटचं प्रकरण वेगळं. लाकडाच्या धुरात न जळलेले वायू असतात, डांबरासारखे चिकट पदार्थ असतात आणि भरपूर वाफ असते, तो धूर वर जाताजाता साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की हे सगळं चिमणीच्या गार भिंतीवर जमतं, गार ग्लासवर बाहेरून पाणी धरतं ना, तसंच, फक्त इथे पाण्याऐवजी डांबर. गोंधळ होतो तो सुरुवातीला, कारण पहिला थर काजळीसारखाच दिसतो. पुढे त्याचे कुरकुरीत पापुद्रे होतात, मुठीत दाबले तर कडकड मोडतात, आणि शेवटी भिंतीवर काळं व्हार्निश ओतल्यासारखा टणक थर. टॉर्च मारून बघा, काजळीवर उजेड मरतो, ह्यावर चमकतो. दमट हवेत घरात जळक्या डांबराचा वास येत असेल किंवा चिमणीच्या भिंतीवर तपकिरी डाग रंग दिल्यावरही परत वर येत असतील तरी संशय ह्याच्यावरच.

आणि हे पेटतं. चिमणीच्या आत आग लागली की तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकतं, रेल्वे धडधडत गेल्यासारखा आवाज येतो आणि आतल्या मातीच्या टाइल्स तडकतात. म्हणून थर ३ मिलिमीटर झाला की साफसफाई, आणि चकाकणारा थर असेल तर जाडी मोजत बसायचंच नाही.

क्रिओसोटचं मूळ बहुतेक वेळा ओलं लाकूड असतं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मंसुद्धा पाणी असू शकतं, जाळायला २० टक्क्यांच्या खाली हवं. दुसरी सवय म्हणजे रात्रभर पुरावं म्हणून हवा बंद करून धुमसत ठेवणं, मला विचाराल तर हीच सगळ्यात वाईट.

आता गंमत बघा, नवा स्टोव्ह चांगला म्हणजे काय, तर तो उष्णता खोलीत जास्त देतो आणि चिमणीत कमी सोडतो. जुनी विटांची चिमणी उघड्या शेकोटीसाठी बांधलेली, ऐसपैस. त्यात हा कमी तापलेला धूर रेंगाळतो, गार होतो आणि क्रिओसोट सोडतो. म्हणून चिमणीत स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे धुरासाठी आतली नळी, सोडतात, स्टोव्हमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडाएवढीच रुंद, बऱ्याच स्टोव्हना १५० मिलिमीटर, आणि भोवती इन्सुलेशन, म्हणजे धूर गरम राहून भरभर वर जातो. हे न करता नुसता स्टोव्ह बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पण लायनरच्या आधी जुनं क्रिओसोट काढायलाच हवं, लायनरमागे राहिलेला थर तिथेही पेटू शकतो. टणक थराला साधा ब्रश काही करत नाही, त्याला केमिकल किंवा फिरत्या साखळ्यांचं मशीन लागतं, आणि साखळ्या टाइल्सही फोडू शकतात, त्यामुळे हे काम जाणकाराकडेच द्या आणि ते झाल्यावर टाइल्सच्या भेगा कॅमेऱ्याने तपासून घ्या.

नवा स्टोव्ह महिनाभर वापरून झाला की तो पूर्ण गार असताना आतली वरची आडवी प्लेट काढा आणि टॉर्च वर मारा. मऊ, मॅट भुकटी दिसली तर ठीक. पापुद्रे दिसले तर आधी लाकडाच्या ढिगाकडे जा, एक ओंडका मधोमध फोडा आणि आतल्या बाजूला ओलावा मोजायचं मीटर टोचा.