अंडरटोन आणि मेकअपची निवड

त्वचेचा वर्ण आणि तिच्यातून जाणवणारी मूळ झाक, म्हणजे अंडरटोन, या दोन्हींचा विचार करून फाउंडेशन, कन्सीलर, ब्लश, लिपस्टिक इत्यादींच्या शेड ठरवण्याची पद्धत. त्वचा किती उजळ किंवा किती गडद, हा झाला वर्ण. ती पिवळसर, गुलाबीसर, हिरवट की तांबूस दिसते, हा अंडरटोन. उन्हाने वर्ण रापतो. अंडरटोन सहसा फारसा बदलत नाही. पिवळसर-सोनेरी झाकेला वॉर्म, गुलाबी-निळसर झाकेला कूल, कोणतीच झाक वरचढ नसेल तर न्यूट्रल आणि हिरवट झाकेला ऑलिव्ह म्हणतात. गोरेपणा म्हणजे कूल आणि सावळेपणा म्हणजे वॉर्म, हा समज सर्रास आढळतो, पण त्याला आधार नाही. गोरी त्वचाही सोनेरी झाकेची असू शकते आणि अतिशय गडद त्वचेतही निळसर झाक असू शकते.

वर्ण मुख्यतः मेलॅनिन या त्वचेतील रंगद्रव्यावर ठरतो. युमेलॅनिन तपकिरी-काळे, तर फिओमेलॅनिन तांबूस-पिवळे असते. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या सर्व वर्णांच्या माणसांत साधारण सारखीच असते. फरक पडतो तो रंगद्रव्याचे प्रमाण, प्रकार आणि त्याचे कण त्वचेत कसे पसरले आहेत यामुळे. त्यात रक्तातील हिमोग्लोबिनची लाली आणि आहारातून येणाऱ्या कॅरोटीनचा पिवळेपणा मिसळतो.

त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये मांडलेली आणि पुढे सहा प्रकारांपर्यंत वाढलेली त्वचाप्रकारांची श्रेणी मेकअपच्या संदर्भातही वापरली जाते. मात्र उन्हात त्वचा भाजते की काळवंडते, यावर ती बेतलेली असल्याने शेड निवडायला तिचा उपयोग थोडाच. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची श्रेणी गूगलने 2022 मध्ये खुली केली. तिच्यात गडद वर्णांना अधिक न्याय मिळतो, पण तीही मुख्यतः उजळ-गडदपणाच मोजते.

फाउंडेशनचा रंग बहुधा चार रंगद्रव्यांतून तयार होतो: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळे, तांबडे व काळे आयर्न ऑक्साइड. गडद शेडमध्ये पांढऱ्याचे प्रमाण जास्त राहिले, की चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. चांगल्या गडद शेडमध्ये पांढरे कमी करून तांबडे आणि काळे वाढवतात. काहींत अल्ट्रामरीन निळाही घालतात. अनेक कंपन्यांच्या शेड दीर्घकाळ उजळ वर्णांभोवतीच घुटमळत राहिल्या. 2017 मध्ये फेंटी ब्यूटी या मेकअप ब्रँडने फाउंडेशनच्या एकदम 40 शेड आणल्यावर इतरांनाही आपली यादी वाढवावी लागली. पण नुसता आकडा फसवा असतो. गडद शेड सगळ्या एकाच तांबूस झाकेच्या असतील, तर सोनेरी किंवा ऑलिव्ह झाकेच्या सावळ्या व्यक्तीला त्यांचा काय उपयोग?

अंडरटोन ओळखण्यासाठी मनगटावरच्या शिरा पाहण्याचा सल्ला सर्वाधिक दिला जातो: हिरव्या दिसल्या तर वॉर्म, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल. ही कसोटी कच्ची आहे. शिरेचा दिसणारा रंग तिची खोली आणि त्वचेत विखुरणारा प्रकाश यांवरही अवलंबून असतो, आणि गडद त्वचेत शिरा अनेकदा दिसतच नाहीत. सोन्याचे दागिने खुलतात की चांदीचे, ही कसोटी तर निम्मी आवडीनिवडीची.

त्यापेक्षा लागोपाठच्या दोन-तीन शेडचे पट्टे जबड्याच्या कडेपासून मानेवर ओढून दिवसाच्या उजेडात पाहणे खात्रीचे. जो पट्टा विरून जातो, ती शेड आपली. हाताच्या पाठीवर लावून पाहण्यात अर्थ नाही. तिचा रंग चेहऱ्याशी क्वचितच जुळतो. चेहरा मानेपेक्षा लालसर असेल तर मानेचा रंग धरावा. काही फाउंडेशन लावल्यानंतर थोड्या वेळाने गडद किंवा नारिंगी होतात, त्यामुळे लगेच निर्णय घेऊ नये. उजळपणा बरोबर असूनही चेहरा मुखवट्यासारखा वाटत असेल, तर चूक बहुधा अंडरटोनची असते.

कलर करेक्टरमध्ये, म्हणजे त्वचेवरची नकोशी रंगछटा झाकणाऱ्या रंगीत मेकअपमध्ये, विरुद्ध रंगाचे तत्त्व चालते. लालीवर हिरवा, डोळ्यांखालच्या निळसर काळेपणावर उजळ त्वचेत पीच आणि गडद त्वचेत ठसठशीत नारिंगी. ब्लशच्या बाबतीत फिकट गुलाबी गडद गालांवर खडूसारखा दिसतो. तिथे विटकरी, गडद बेरी किंवा भडक नारिंगी खुलतो. लिपस्टिकला ओठांचा मूळ रंग खालून मिसळतो, त्यामुळे एकच शेड दोघींना वेगळी दिसते. ‘न्यूड’ नावाने विकली जाणारी फिकट बेज लिपस्टिक सावळ्या ओठांना निस्तेज करते. त्यांच्यासाठी न्यूड म्हणजे चॉकलेटी किंवा तांबूस तपकिरी. लिपस्टिक अंडरटोनशी जुळवलीच पाहिजे असे मात्र नाही. लाल लिपस्टिक कोणत्याही वर्णाला चालते. फक्त ती निळसर लाल घ्यायची की नारिंगी लाल, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो बव्हंशी हौसेचा आहे.